टाकीवरचे तीन ठोके

आधीच सांगून टाकते — असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. धुळ्याच्या कॉलेजातून फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले आणि पुढे जळगावला पंचवीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. एकदा शाळेत हूल उठली की मुलींच्या बाथरूममध्ये बाई रडते. हातात झाडू घेऊन मीच आत गेले, गळक्या नळाखालचा पत्र्याचा डबा बाहेर आणला आणि सगळ्या वर्गांतून फिरवला. तेव्हापासून मुली पाठीमागे मला ‘भूतबाई’ म्हणायच्या. तर अशा या भूतबाईवर आज हे लिहायची वेळ आली आहे... हसायचं त्याने खुशाल हसावं.

गोष्ट शहाऐंशी सालच्या फेब्रुवारीतली. आम्ही तेव्हा जळगावात पिंप्राळ्याला राहायचो. दोन खोल्या, मागे मोरी आणि सातआठ पावलांचं अंगण. घरात नाना म्हणजे माझे सासरे, अक्का म्हणजे सासूबाई, आणि मी. दोघं मूळचे चाळीसगावकडच्या खेड्यातले. नाना नोकरीपायी जळगावला आले आणि रिटायर होऊन इथेच राहिले, पण घरातली भाषा शेवटपर्यंत अहिराणीच. आणि हे — माझे यजमान, शांताराम — नेव्हीत होते. पाणबुडीवर.

पाणबुडी हा शब्दच पिंप्राळ्यात कोणाच्या पचनी पडायचा नाही. समुद्र इथून कुठल्या कुठे! शेजारच्या बाईंना तीनदा समजावलं तरी चौथ्यांदा विचारायच्या, "म्हणजे बोटीवरच ना?" बोटीवर नाही हो, बोटीच्या पोटात, आणि बोट पाण्याखाली. "अगं बाई! मग श्वास कशाने घेतात?" शेवटी कंटाळून मी ‘मिलिटरीत आहेत’ एवढंच सांगायला लागले. त्याने प्रश्न संपायचे.

ह्यांची पाणबुडी रशियन बनावटीची होती, फॉक्सट्रॉट क्लासची. पाण्यावर असली की डिझेलवर चालायची आणि खाली गेली की बॅटरीवर. तिचं नाव इथे लिहीत नाही, कारण तिच्यावर काम केलेली माणसं अजून आहेत. रशियन लोकांनी ती थंड समुद्रासाठी बांधलेली आणि आपला तळ विशाखापट्टणमला! आत इतकं उकडायचं की भलेभले अर्धमेले व्हायचे. हे म्हणायचे, "जळगावच्या मे महिन्यात जन्मलेल्या माणसाला काय होतंय?" आत एकापाठोपाठ सात कप्पे, मधली दारं गोल आणि जाडजूड, आणि त्या एवढ्याशा जागेत पंचाहत्तर-ऐंशी माणसं. एक उठला की त्याच्या गरम अंथरुणात दुसरा आडवा व्हायचा. अंघोळ नाही, गोडं पाणी पिण्यापुरतं. हे सुट्टीवर आले की कपडे तीनदा धुतले तरी डिझेलचा वास जायचा नाही. मला तो वास आवडायचा. हे मी कधी कोणाला सांगितलं नाही.

आतल्या कितीतरी पाट्या रशियन भाषेत होत्या म्हणे. जुन्या लोकांकडून ह्यांनी चार शब्द उचलले होते. वांग्याचं भरीत फक्कड जमलं की ‘खराशो’ म्हणायचे. म्हणजे ‘छान’. पोरगा जेवताना शिवी देतो असंच अक्कांना बरेच दिवस वाटत होतं.

आदल्या जूनमध्ये हे महिनाभर सुट्टीवर आले होते. आमच्या मागच्या अंगणात पाण्याची एक लोखंडी टाकी होती. कुठल्याशा मोडीत निघालेल्या टँकरची, लांबट, गोल, विटांच्या दोन ओट्यांवर आडवी ठेवलेली. नानांनी भंगारातून आणली होती. तेव्हा नळ दोन दिवसांआड यायचा, त्यामुळे ती टाकी म्हणजे घरातली थोरली सूनच! तिला आतून गंज चढला होता. ह्यांनी पाणी उपसलं, वरच्या झाकणातून स्वतःला आत सारलं आणि गंज खरवडायला लागले. मी बाहेर घाबरीघुबरी. आतून आवाज आला, "मंदा, पाना घे आणि टाकीवर एकदा मार."

मी मारला. आतून एक ठोका आला.

"काय समजलीस?" वर डोकं काढून, तोंडभर गंज लागलेल्या अवतारात ह्यांनी विचारलं. मग सगळं समजावून सांगितलं. त्यांच्या पाणबुडीला काही झालं आणि ती खाली अडकली, तर माणसांना बाहेर पडायचा एक रस्ता टॉर्पेडोच्या नळीतून होता. रबरी सूट चढवायचा, तोंडाला श्वासाचं यंत्र लावायचं आणि जेमतेम खांदे मावतील अशा नळीत आडवं व्हायचं. मग मागचं दार बंद होतं, नळीत पाणी भरतं, आणि शेवटी समुद्राकडचं पुढचं दार उघडतं. आतल्याला बोलता येत नाही, म्हणून ठोके. बाहेरच्याने एक ठोका मारला की अर्थ — कसा आहेस? आतून एक ठोका आला की — ठीक आहे. आतून लागोपाठ, मोजता येऊ नयेत इतके ठोके आले तर — ठीक नाही, बाहेर काढा.

मग काय, महिनाभर घरात तोच खेळ. हे मोरीत अंघोळीला गेले की मी दारावर एक टिचकी मारायची, आतून एक यायची. एकदा डोळ्यांत साबण गेला तर बादली बडवली होती! अक्का कपाळावर हात मारून घ्यायच्या.

जायच्या आदल्या दिवशी मात्र हे नानांजवळ बसून गंभीरपणे बोलले. म्हणाले, मी समुद्रावर असताना घरी काहीही झालं, अगदी काहीही, तरी पत्रात लिहू नका. पत्र वाचून मी येऊ तर शकत नाही. आणि तिथे एका माणसाचं चित्त उडालं, त्याने एक झडप नीट लावली नाही, तर बाकीच्या सगळ्यांच्या जिवाशी गाठ. मी परत आल्यावर सांगा. नानांनी मान हलवली. माझं मत कोणी विचारलं नाही आणि तेव्हा मला वेगळं मतही नव्हतं.

महिन्या-दीड महिन्याने दिवस राहिल्याचं कळलं. ह्यांना कळवलं. पत्र पोचायला किती दिवस लागतील याचा भरवसा नसायचा. कधी दोन महिने सुकं जायचं आणि मग पाच पत्रं एकदम. त्यातल्या एकात लिहिलं होतं — पोरीचं नाव मी ठेवणार. मुलगीच होणार हे ह्यांनी परस्पर ठरवूनच टाकलं होतं.

मुलगीच झाली. फेब्रुवारीच्या सुरुवातीला, आठव्या महिन्यात, दीड महिना आधी. माझी आई लहानपणीच गेलेली, धुळ्याला फक्त भाऊ, म्हणून बाळंतपण सासरीच होतं. डॉक्टरांनी त्यांच्याकडून होतं ते सगळं केलं. दोन दिवस जगली. हातात घेतलं तेव्हा वजन असं लागलंच नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नर्सने तिला माझ्याजवळून उचललं. नाना आणि शेजारचे दोघं तिला घेऊन गेले. कुठे नेलं ते मला कोणी सांगितलं नाही. आमच्याकडे बायका तिकडे जात नाहीत आणि बायकांना सांगतही नाहीत. विचारलं तर अक्का म्हणाल्या, "ते मनमा लू नको."

घरी आले तर दूध दाटलेलं, अंगात कणकण. अक्कांनी छातीला घट्ट फडकं बांधलं. कोणी भेटायला आलं नाही. एरवी साखर मागायलासुद्धा येणाऱ्या शेजारच्या बाई गल्लीत दिसल्या की पदर सावरून दुसरीकडे बघायच्या. राग नाही हो, काय बोलायचं तेच त्यांना कळत नसणार. नाना सकाळी दुधाला जायचे, आले की पेपर समोर धरून बसायचे आणि दुपारपर्यंत पान उलटायचं नाही. तिघं एका घरात आणि तिघांच्या तीन दिशा. तिचं नाव घ्यायचं म्हटलं तर नावही नव्हतं.

आणि मग ह्यांचं पत्र आलं. दोन महिन्यांपूर्वीचं. ‘पोर लाथा मारते का? उत्तर लगेच लिही.’

मी पत्र अक्कांसमोर ठेवलं. म्हटलं, आता लिहिते खरं काय ते. अक्कांनी माझा हात धरला.

"नको माय. त्याले लिख, बठ्ठं बरं शे." सगळं बरं आहे असं लिही म्हणे.

"अहो अक्का, किती दिवस लपवायचं?"

"पाणीम्हा ऱ्हास तो. तठे काय करी तो एकला?" मग नानांकडे वळल्या, "सांगा ना तुम्ही."

नाना पेपराआडूनच बोलले, "त्यानंच सांगेल शे."

‘त्यानेच सांगितलंय’ — बरोबरच होतं त्यांचं. ह्यांनीच घालून दिलेला नियम, आणि म्हाताऱ्या आईबापांनी तो छातीवर दगड ठेवून पाळला. पण पत्र मला लिहायचं होतं. अंतर्देशीय पत्र घेतलं. लिहिलं — सर्व ठीक. पोर लाथा मारते. रात्री जास्त मारते. तिला तुमच्यासारखं स्वस्थ बसवत नाही. अक्का शेजारी बसून होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण मी लिहीपर्यंत त्या हलल्या नाहीत. नानांनी ते पत्र सकाळीच पेटीत टाकलं. तेव्हा तिला जाऊन दोन आठवडे झाले होते.

त्याच दिवशीची दुपार. आकाशवाणीच्या बातम्या संपून थोडा वेळ झाला होता, म्हणजे पावणेदोनच्या आसपास. नाना पुढच्या खोलीत आडवे झालेले, अक्का मागच्या दारातल्या पायरीवर गहू निवडत बसलेल्या. मी टाकीजवळ, सावलीत दगडावर. काहीच करत नव्हते.

ठण्ण!

एकच ठोका. टाकीतून. बाहेरून कोणी दगड मारावा तसा नाही, आतून कोणीतरी हातोडी मारावी तसा.

माझ्यातली विज्ञानवाली आधी जागी झाली. म्हटलं, उन्हाने पत्रा तापतो, प्रसरण पावतो, वाजतो. पण टाकी सावलीत होती. शिवाय सकाळीच नळ येऊन गेला होता आणि ती काठोकाठ भरलेली होती. भरलेली टाकी ‘ठण्ण’ वाजत नाही, ‘बद्द’ वाजते. हे कळायला बी.एस्सी. लागत नाही, ज्याने घागर भरली त्याला ठाऊक असतं.

आता जे केलं ते मी विचार करून केलं नाही. पायाशी एक गोटा पडला होता. तो उचलला आणि टाकीवर एकदा मारला. बद्द. सवयीने. कोणी ‘कशी आहेस’ म्हटलं की आपण ‘बरी आहे’ म्हणतो, तसं.

थोडा वेळ गेला. पुन्हा — ठण्ण.

या वेळी मी उठले. टाकीभोवती फिरले. भिंतीपलीकडे डोकावले. कोणी नाही. अक्का तशाच गहू निवडत होत्या, मानही वर केली नव्हती. मी परत टाकीशी आले आणि पुन्हा एकदाच मारला. ठीक आहे.

मला वाटलं, झालं. आता नाही येणार. आणि खरं सांगू? तो येणार नाही म्हणून मला भयंकर वाईट वाटलं. पंधरा दिवसांत मला कोणीतरी पहिल्यांदा विचारलं होतं, आणि मी दोनदा ठीक म्हणून त्याला वाटेला लावलं होतं!

बराच वेळ काही नाही. मी टाकीला कान लावून उभी. मग तिसरा आला. हळू. वाजवणाऱ्याचीच खात्री नसावी असा.

मग मला आवरलं नाही. गोटा घेऊन मी टाकी बडवायला लागले. किती वेळ, किती ठोके, माहीत नाही. ओरडत नव्हते, रडत होते की नाही तेही आठवत नाही. नुसती मारत होते. बोटाचं नख तुटलं ते नंतर दिसलं. अक्का धावत आल्या, मागून मिठी मारली आणि हातातला गोटा काढून घेतला.

"काय करी ऱ्हायनी वं तू? टाकी काब्र ठोकी ऱ्हायनी?"

"अक्का, आतून कोणी वाजवत होतं. तीनदा. तुम्ही ऐकलं ना?"

अक्कांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहराच उतरला. "मी आठेच व्हतू माय. माले काहीच ऐकू उनं नही. तूच दोनदा ठोकं आन् मंग..." मला आत नेऊन निजवलं. संध्याकाळी माझ्यावरून मीठ-मिरची उतरून टाकली आणि मी, भूतबाई, मुकाट बसून राहिले. मला स्वतःलाच वाटत होतं की डोकं फिरलंय. दुःखाने फिरतं म्हणतात. टाकीकडे मी पुढचे दिवस फिरकले नाही, पाणी अक्काच काढायच्या.

सहाव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास मी पुढच्या खोलीत तांदूळ निवडत होते. दारात सावली पडली. वर बघितलं तर हे! खांद्यावर किटबॅग, दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले. ना तार, ना पत्र. भुसावळला उतरून मिळेल त्या एस.टी.ने आले होते.

चप्पलही न काढता ह्यांनी पहिला प्रश्न विचारला, "काय झालंय?" आणि मग नजर माझ्या पोटाकडे गेली.

अक्का आतून आल्या. "शांताराम, तू कसा उना रे?" एवढंच म्हणाल्या आणि मटकन खाली बसल्या. "पोर गयी रे बापू. आपली पोर गयी."

हे उभेच होते. नाना उठले, लेकाच्या खांद्यावरची किटबॅग काढून कोपऱ्यात ठेवली आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन बसले. कोणीच रडलं नाही त्या वेळी. अक्कासुद्धा थांबल्या.

दुपारी मागच्या अंगणात मी आणि हे दोघंच होतो, तेव्हा मी विचारलं, "तुम्ही आलात कसे? रजा तर नव्हती."

तेव्हा त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते.

सहा दिवसांपूर्वी त्यांची बोट धक्क्याला लागलेली होती. (आम्हाला घरी काय कल्पना! बोट कधी कुठे असते हे गुपितच.) तिसऱ्या दिवशी दोन महिन्यांसाठी निघायचं होतं. निघण्याआधी नळीतून बाहेर पडण्याचा सराव चालला होता. नळीत साताऱ्याचा जाधव म्हणून एक जण होता, ह्यांच्याच बरोबरीचा. मागच्या दाराशी हातोडी घेऊन हे. आणखी तिघं-चौघं आजूबाजूला. नळीत पाणी भरलं आणि ह्यांनी एक ठोका मारला.

"उत्तर आलं," हे म्हणाले, "पण आवाज आमच्या नळीचा नव्हता. ते पोलाद एवढं जाड असतं. हा आवाज पातळ पत्र्याचा, आत पाणी भरलेल्या. बद्द. मला बरं वाटेना. म्हणून पुन्हा विचारलं. पुन्हा तसाच एक. बाकीचे म्हणायला लागले, अरे ठीक म्हणतोय ना तो, पुढचं दार उघडू. मला काय वाटलं कोण जाणे, मी हात वर करून थांबवलं आणि तिसऱ्यांदा मारला."

हे थांबले.

"मग असे ठोके आले मंदा... मी आयुष्यात तसे ऐकले नव्हते. मी ओरडलो, पाणी काढा, दार उघडा. उघडलं. जाधव आत निवांत. उलट चिडला माझ्यावर. म्हणाला, तू एकदा विचारलंस, मी एकदा उत्तर दिलं, मग काय गोंधळ लावलास? तू तीनदा हातोडी मारलीस म्हणतात, पण मला आत एकच ऐकू आली."

आजूबाजूच्या लोकांनीही जाधवचा एकच ठोका ऐकला होता. ह्यांना तीनदा हातोडी मारताना सगळ्यांनी बघितलं. लागोपाठचे ठोके कोणालाच ऐकू आले नव्हते. साहेबांनी वेळ लिहून ठेवली होती — पावणेदोनला पाच-सात मिनिटं कमी-जास्त. ह्यांना डॉक्टरकडे पाठवलं. न वाजलेले आवाज ऐकणारा माणूस पाणबुडीवर नेत नाहीत, आणि त्यात कोणाचं काही चुकलंही नाही. बोट गेली आणि ह्यांच्या हातात वीस दिवसांची रजा दिली.

मी माझं सांगितलं. तुटलेलं नख दाखवलं. दोघं त्या टाकीकडे बघत बसलो.

मग हे म्हणाले, "पहिल्या दोन वेळा ठीक आहे असं का सांगितलंस?"

मी म्हटलं, "तुम्हीच सांगून गेला होतात ना, काही कळवू नका म्हणून."

ह्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. माणूस असा रडताना मी तोपर्यंत बघितला नव्हता. "आतल्याने खोटं ‘ठीक’ दिलं की बाहेरचे पुढचं दार उघडतात गं," एवढंच त्या रडण्यातून मला कळलं.

या सगळ्याचा अर्थ मी पुढे बरीच वर्षं लावत बसले. हे थकले होते, मी बाळंतीण होते, दोघांना भास झाले — चला, मान्य. पण एकाच वेळी? तीन ते तीनच? आणि भरलेल्या टाकीचा ‘बद्द’ विशाखापट्टणमला बसून ह्यांना कसा कळला? पुढे एकदा जाधव स्वतः घरी आले होते. जेवताना मी मुद्दाम खोदून विचारलं. त्यांनी हातातला घास खाली ठेवला आणि म्हणाले, वहिनी, मला एकच ऐकू आला होता, देवाशपथ. हे पुन्हा पाणबुडीवर गेले नाहीत. गोदामात, किनाऱ्यावर नोकरी झाली. मित्र समुद्रावर जायचे आणि हे धक्क्यावरून परत यायचे. त्याचं त्यांना दुःख होतं, मला ते दिसायचं. नव्वदच्या पुढे ती बोटही मोडीत निघाली. तेव्हा हे दोन दिवस जेवले नाहीत.

पण मला खरं सांगायचं आहे ते त्या दुपारनंतरचं.

संध्याकाळी हे उठले आणि नानांसमोर जाऊन उभे राहिले. "नाना, तिले कोठे ठेवं?"

नानांनी पेपर खाली ठेवला.

"माले तठे जानं शे. आन् मंदा बी येई."

अक्का चमकल्या. "बाया नही जातीस तठे, शांताराम."

"ती जाई," हे म्हणाले. आवाज चढवला नाही.

मला वाटलं, आता घरात रणकंदन होणार. पण नाना उठले, टोपी घातली, कोपऱ्यातली काठी घेतली आणि दाराबाहेर पडले. आम्ही दोघं मागे. थोडं पुढे गेल्यावर मागे वळून बघितलं तर डोक्यावर पदर घेऊन अक्काही येत होत्या, वीस-पंचवीस पावलं अंतर ठेवून.

वस्ती संपली की पुढे नाला होता. त्यापलीकडे कपाशीचं उपटलेलं शेत आणि बांधाला एक निंब. ऊन उतरलं होतं. निंबाखाली एवढासा उंचवटा, त्यावर कुत्र्यांनी उकरू नये म्हणून दगड रचलेले. दगड नीट एकाशेजारी एक बसवलेले, मधल्या फटींत बारीक खडे भरलेले. भोवतालची जागा झाडून घेतलेली. काटक्या नाहीत, पानं नाहीत. पंधरा-वीस दिवस कोणी न फिरकलेली जागा अशी नसते.

हे खाली बसले. मी बसले. अक्का मागे उभ्या होत्या, त्या पुढे आल्या आणि दगडांना हात लावला. मग त्यांनी वर नानांकडे बघितलं.

नानांनी टोपी काढून हातात घेतली होती. त्या तीन आठवड्यांत मी त्यांचे दहा शब्द ऐकले नसतील.

"मी रोज येस आठे," ते म्हणाले. "दूध लेवाले जास असं सांगस, आन् आठे यीसन बसस. एकली शे ना ती."

अक्कांनी तोंडाला पदर लावला. आणि मग आम्ही चौघंही रडलो. एकमेकांसमोर, एका जागी, अंधार पडेपर्यंत.

ते ठोके कोणी मारले, कशातून आले, मला आजही सांगता येत नाही. फिजिक्सच्या कुठल्याही पुस्तकात त्याला जागा नाही, आणि देवाधर्माचं नाव देऊन मोकळं व्हावं असा माझा स्वभाव नाही. कधी कधी मात्र एक विचार मनात येतो. तिसऱ्या वेळीही मी एकदाच मारला असता, तर हे दोन महिने पाण्याखाली गेले असते. नाना रोज दुधाला गेले असते. आणि मी दर आठवड्याला अक्कांच्या शेजारी बसून, पोर किती लाथा मारते ते लिहीत राहिले असते.